इनस्क्रिप्ट कळफलक

संगणकावर देवनागरी लिहिण्यासाठी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली इनस्क्रिप्ट हा कळफलक तयार करून घेतला. त्याची मांडणी वर्णमालेला धरून आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. ‘क’च्याच कळीवर शिफ्ट दाबून ‘ख’ मिळतो, ‘ग’च्या कळीवर ‘घ’. त्यामुळे बाराखडी येणाऱ्याला हा कळफलक लवकर अंगवळणी पडतो.

खरी सोय आहे ती उच्चाराच्या क्रमात. टंकलेखन यंत्रावर ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी उमटवावी लागे, मग ‘क’. इनस्क्रिप्टमध्ये आधी ‘क’, मग वेलांटी. ती डावीकडे नेऊन बसवण्याचे काम संगणकाचे. जोडाक्षरासाठी मध्ये हलन्ताची कळ दाबायची. ‘सूर्य’ लिहिताना ‘र’, हलन्त, ‘य’ या कळा ओळीने दाबल्या की रफार आपोआप ‘य’च्या डोक्यावर जातो.

गुजराती, बंगाली, कन्नड या लिप्यांतही ‘क’ त्याच कळीवर असतो. मोबाइलवर मात्र अनेकजण रोमन अक्षरांतून मराठी लिहितात. तिथे ‘न’ की ‘ण’, ‘ल’ की ‘ळ’ हे बऱ्याचदा सुचवलेल्या शब्दांतून निवडावे लागते. इनस्क्रिप्टमध्ये प्रत्येकाची जागा ठरलेली आहे.