गळ्यातील गाठ आणि उपचारानंतरची दक्षता
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)





गळ्याच्या पुढील भागी फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. तीत गाठी होणे सामान्य असून स्त्रियांत त्यांचे प्रमाण अधिक आहे. सुदैवाने दहांपैकी नऊ गाठी निरुपद्रवी असतात. पूर्वी त्रासदायक गाठीस शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय असे. २००६ साली दक्षिण कोरियातील डॉक्टरांनी गाठीत बारीक सुई घालून विद्युत्प्रवाहाच्या उष्णतेने ती जाळण्याच्या उपचाराचे अनुभव प्रसिद्ध केले. त्यात भूल केवळ त्या जागेपुरती लागते आणि वर्षभरात गाठ बहुधा निम्म्याहून लहान होते.

परंतु कापून काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली संपूर्ण तपासता येते. जाळलेली गाठ गळ्यातच राहते. म्हणून उपचारापूर्वी सुईने पेशी काढून साधारणतः दोनदा तपासतात. तरीही क्वचित चूक संभवते. गाठ आकसली म्हणजे चिंता कायमची मिटली, असे समजू नये.

आमच्या परिचयातील एक भगिनी उपचारानंतर लेकीकडे परगावी गेल्या. तेथील सोनोग्राफीत काळसर, वेड्यावाकड्या कडांची गाठ दिसली आणि कर्करोगाची शंका निघाली. गाठ जाळली होती, हे कोणी सांगितलेच नव्हते! आठ दिवस घरात कोणाच्या घशाखाली घास उतरेना. अखेर जुने कागद आले, चित्रे ताडून पाहिली आणि तो जळल्याचाच डाग ठरला.

यावरून बोध हा की, उपचाराचे कागद व आधीची चित्रे जपून ठेवावीत आणि प्रत्येक तपासणीस सोबत न्यावीत. पहिल्या एक-दोन महिन्यांत, सहाव्या महिन्यात, वर्षाने व पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे सोनोग्राफी करावी. गाठीची कड पुन्हा वाढल्यास घाबरू नये. बहुधा ती न जळलेल्या साध्या पेशींचीच वाढ असते. मात्र सुईची तपासणी पुन्हा करावी लागल्यास टाळू नये. आवाज बसून राहिला, गिळणे जड झाले वा मानेच्या बाजूस नवी गाठ लागली, तर पुढील तारखेची वाट पाहू नये.

आमच्या भगिनी घरातील सर्वांची औषधे वेळेवर देतात आणि स्वतःची तपासणी तेवढी पुढे ढकलतात. ती तारीख लक्षात ठेवण्याचे काम घरातील पुरुषांनी अंगावर घ्यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.