जुन्या लष्करी ट्रकचा आख

मंडळी, बैलगाडीचा आख मोडला की गाडी तिथंच बसते. मोठ्या ट्रकचं तसं नाही. तिथं ओझं पेलते ती बाहेरची जाड नळी. आतला दांडा नुसतं चाक फिरवतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत जीएमसीचे अडीच टनी ट्रक लाखांनी तयार झाले. १९४५ साली ते आसामातल्या लेडोहून चीनकडे गेले. असे ट्रक आज हौशी लोक पुन्हा चालते करतात.

यांचे आख दोन जातींचे. एकाचं मधलं घर जोडाचं. जोडावर बोल्टांची रांग दिसते. आत जायचं तर घरच उकलायला हवं. दुसऱ्याचं घर अखंड, मध्ये गोल कडं. बँजो नावाच्या वाद्यासारखं दिसतं, म्हणून नाव बँजो. यात दातेरी चाकांचा गोळा पुढून सबंध निघतो.

आम्ही मास्तर, मेकॅनिक नव्हे. हे आम्हाला जुन्या विद्यार्थ्यानं सांगितलं. तो अमेरिकेत असतो. त्यानं नुसतं ‘जीएमसीची दातेरी चाकं’ असं लिहून माल मागवला. माल आला, पण बसेना! पैसे गेले. आता तो आधी ट्रकखाली शिरतो, चिखल पुसतो, बोल्ट पाहतो, मगच पत्र लिहितो.