यादी भिंतीवर लावा
(दहावी 1996 च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सकाळपासून किल्ला, घाट, सीताफळं आणि सरांच्या छड्या या सगळ्यांच्या आठवणी निघाल्या. माझ्या वाट्याला उरली ती जुन्या पुस्तकांची आठवण. तिथूनच सुरुवात करते.

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी आपण वरच्या वर्गातल्या कुणाच्या तरी दारात उभे असायचो. कव्हर शाबूत असेल तर निम्मी किंमत, बाईंडिंग सुटलं असेल तर पाव. माझ्या सातवीच्या भूगोलावर माझ्या आधीच्या दोघींची नावं होती. माझ्यानंतर ते पुस्तक कुणाकडे गेलं, ते या मांडवातच बसलेल्या कुणाला तरी ठाऊक असेल! आपल्यातल्या किती जणांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. त्या घरांत नवं पुस्तक आणि जुनं पुस्तक यांच्यातला फरक म्हणजे आठवड्याचा बाजार होता.

हा व्यवहार इतका सुरळीत का चालायचा, हे मला फार उशिरा कळलं. कोणतं पुस्तक लागणार, हे सगळ्या गावाला आधीच माहीत असायचं. बालभारती 27 जानेवारी 1967 रोजी स्थापन झाली. त्याआधी खासगी प्रकाशकांची वेगवेगळी पुस्तकं शाळांमधून चालायची. बालभारतीमुळे पुस्तक एकच झालं आणि किंमतही त्याच्यावर छापलेली. मग ते धारूरच्या कोणत्याही दुकानातून घ्या, अंबाजोगाईहून आणा नाहीतर शेजारच्या ताईकडून घ्या. प्रकाशक एकच होता, पण विकणारे अनेक होते, आणि त्यांत जुनं पुस्तक विकणारी पोरंही होती.

1998 साली मी इंजिनीअरिंगला गेले. कॉलेजचं नाव सांगत नाही, ते महत्त्वाचंही नाही. विद्यापीठ सरकारी, अभ्यासक्रम छापील, त्याच्या शेवटी संदर्भग्रंथांची नावंही होती. पण प्रत्यक्षात "लागणारी" पुस्तकं वेगळी होती, आणि त्यांची यादी एका दुकानात मिळायची. तिथे सगळा सेट सुतळीने बांधून ठेवलेला असायचा. पुस्तकं, ड्रॉइंग शीट, कॉलेजचं नाव छापलेली जर्नलं, सगळं एकत्र. अण्णांनी दिलेले नऊशे रुपये माझ्याजवळ होते आणि सेट अकराशेच्या वर होता. मी म्हटलं, "काका, जर्नलं तेवढी द्या, पुस्तकं मी सिनिअरकडून घेते." काका म्हणाले, "सुटं मिळत नाही, बाळ." आणि जर्नल नसेल तर सबमिशन नाही, सबमिशन नाही तर परीक्षा नाही.

दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. ती पुस्तकं वाईट नव्हती. सोप्या इंग्रजीत होती, मागच्या प्रश्नपत्रिका सोडवलेल्या होत्या. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्यासारखीला ग्रंथालयातल्या जाड परदेशी पुस्तकापेक्षा त्यांनीच तारलं. दुसरी गोष्ट, उरलेले दोनशे रुपये त्याच काकांनी माझ्या नावावर उधार लिहून ठेवले आणि दिवाळीपर्यंत एकदाही मागितले नाहीत. म्हणून मला ते कधी लुटारू वाटले नाहीत. पण माझ्या खोलीवरच्या मुलीकडे तिच्या भावाची सगळी पुस्तकं होती, आणि तिलाही तो सेट घ्यावा लागला. तिच्या भावाची पुस्तकं वर्षभर कपाटावर पडून राहिली. तेव्हा आम्हाला ते नशिबासारखं वाटलं. वस्तू अशी जोडून गळ्यात मारण्याला 1969 च्या मक्तेदारीविरोधी कायद्यातही नाव होतं, आणि आताच्या 2002 च्या स्पर्धा कायद्यातही आहे, हे आम्हाला कुठून माहीत असणार?

पुढे नोकरीत एका पुस्तकविक्रीच्या सॉफ्टवेअरवर मी काम केलं. तिथे कळलं की हा प्रश्न जगभरचा आहे. अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांत कॅम्पसमधल्या दुकानाकडे यादी आधी जायची आणि बाहेरच्या दुकानदाराला ती मिळवताना नाकी नऊ यायचे. 2008 साली तिथे उच्च शिक्षणाचा कायदा झाला आणि त्यातल्या पुस्तकांविषयीच्या तरतुदी 1 जुलै 2010 पासून लागू झाल्या. आता सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजने शक्य तिथे प्रत्येक विषयाच्या पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक आणि किंमत प्रवेश नोंदणीच्या वेळीच वेळापत्रकासोबत जाहीर करायची असते. प्रकाशकाने प्राध्यापकांना किंमत सांगायची, नव्या आवृत्तीत नेमकं काय बदललं ते सांगायचं, आणि जोडून विकलेल्या वस्तू सुट्याही द्यायच्या. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाच्या मागे बारकोडशेजारी असलेला तेरा आकडी क्रमांक. तो एकदा कळला की कुठलाही दुकानदार नेमकं तेच पुस्तक मागवू शकतो.

त्याच देशात थायलंडहून शिकायला गेलेला सुपाप किर्तसाएंग नावाचा विद्यार्थी होता. तिकडे स्वस्तात मिळणारी पुस्तकं तो घरच्यांकडून मागवायचा आणि अमेरिकेत विकायचा. जॉन वायली या प्रकाशन कंपनीने त्याच्यावर दावा लावला. 2013 च्या मार्चमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. रीतसर विकत घेतलेलं पुस्तक पुढे विकण्याचा हक्क घेणाऱ्याचा आहे, मग ते कुठल्याही देशात छापलेलं असो. निकाल वाचताना मला आपल्या एप्रिल महिन्यातली ती दारं आठवली. नव्या पुस्तकाचा खरा स्पर्धक समोरचं दुकान नसतंच, जुनं पुस्तक असतं. म्हणून तर कुठे आवृत्ती बदलते, कुठे धड्यांचा क्रम बदलतो, कुठे सुतळी बांधली जाते.

हे सगळं आज इथे का सांगते आहे? आपला एक वर्गमित्र गावातच पुस्तकांचं दुकान चालवतो. मागच्या महिन्यात त्याच्याशी फोनवर बोलले. तो म्हणाला, "अगं, कॉलेजची पुस्तकं ठेवायची माझी तयारी आहे. पण काय लागणार हे मला पोरं विचारायला आली की कळतं. तोवर त्यांना कुणीतरी शहरातून सेट आणून दिलेला असतो." भांडवल आहे, गिऱ्हाईक आहे, दुकान आहे. नाही ती फक्त यादी. राज्यातल्या संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून नव्या शैक्षणिक धोरणाचे अभ्यासक्रम आले आहेत. म्हणजे जुन्या पुस्तकांची साखळी एकदा तुटलीच आहे. आता नवी साखळी कशी बांधायची, हे याच दोन-तीन वर्षांत ठरेल.

आपल्या बॅचमधले काही जण आज कॉलेजात शिकवतात, काही जण संस्थांच्या कारभारात आहेत. त्यांच्याकडे वर्गमैत्रीण म्हणून तीन गोष्टी मागते. पहिली, प्रवेश सुरू व्हायच्या आधी पुस्तकांची यादी लेखक, आवृत्ती, आयएसबीएन आणि किमतीसह कॉलेजच्या भिंतीवर आणि संकेतस्थळावर लावा. दुसरी, मागची आवृत्ती चालत असेल तर "चालेल" असं त्याच यादीत लिहा. तिसरी, जर्नल सुटं मिळू द्या. यासाठी समिती नेमायची गरज नाही आणि खर्च आहे एका कागदाचा. तुमचं स्वतःचं पुस्तक असेल तर तेही यादीत जरूर घाला. ते चांगलं असेल तर मुलं आपणहून घेतील.

काही जणांना वाटेल, हल्ली सगळं मोबाईलवर मिळतं. मिळतं, पण काय शोधायचं ते आधी कळावं लागतं.

सर, बाई, तुम्ही आम्हाला सहामाहीच्या आधी कोणते धडे येणार ते फळ्यावर लिहून द्यायचात. पहिल्या बाकावरच्यालाही तेच दिसायचं आणि शेवटच्या बाकावरच्यालाही तेच. पुढे ज्याने त्याने आपापला अभ्यास केला. काही पहिले आले, काही माझ्यासारखे गणितात काठावर पास झाले, पण फळा लपवला अशी तक्रार कुणाची नव्हती. तेवढंच मागते आहे.

जाता जाता, माझं सातवीचं भूगोल ज्याच्याकडे असेल त्याने जेवणाच्या वेळी भेटावं. पाव किंमत द्यायला मी तयार आहे.