रॉक संगीत : त्याचे शब्द, त्याचा नाद व आमचे कान

(ज्युबिलीनिमित्त मुरुड येथें तरुण मंडळाच्या सभेंत केलेलें भाषण)



आजचा विषय तरुण मंडळानें निवडला आहे, आम्हीं नव्हे. ज्युबिलीच्या मिस्सेंत गिटार व ड्रम वाजवावे अशी मंडळाची विनंती आहे. आणि रॉकचा धांगडधिंगा वेदीपाशीं नको, असा वडीलधाऱ्यांचा निरोप आहे. दोन्ही पक्षांनीं निकाल आमच्यावर सोपविला. तेव्हां निकाल देणारा मनुष्य या बाबतींत स्वतः कितपत निर्दोष आहे, हें आधीं सांगणें आम्हांस प्राप्त आहे.

सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं आम्ही मुलांच्या एका वसतिगृहाचे व्यवस्थापक होतों. तेथें एका मुलाच्या पेटींत रॉक संगीताच्या तीन कॅसेटी सांपडल्या. या गाण्यांची फीत उलटी फिरविली असतां सैतानाचे संदेश ऐकूं येतात, असा त्या काळीं प्रवाद होता. आम्हीं तो प्रवचनांत सत्य म्हणून सांगितला व कॅसेटी जप्त केल्या. त्यांतील एकही आम्हीं सुलटी ऐकली नव्हती, मग उलटी कोठून ऐकणार? तो मुलगा त्यानंतर आमच्याशीं कधीं मोकळेपणानें बोलला नाहीं.

पुढें वाचनांत आलें कीं, अमेरिकेंतील रीनो शहरीं ‘जूडस प्रीस्ट’ या इंग्लिश मंडळीवर असाच दावा झाला होता. 1985 सालीं दोन तरुणांनीं स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्यास तबकडींतील छुपा संदेश कारण झाला, असें फिर्यादीचें म्हणणें. 1990 सालीं न्यायाधीशानें दावा फेटाळला. गिटारीचा आवाज व गायकाचा उच्छ्वास यांच्या योगायोगानें तो भास होतो, असें त्यास आढळलें. त्यानें निदान तबकडी ऐकली तरी.

प्रायश्चित्त म्हणा, पण आम्ही मग ऐकूं लागलों. आणि गंमत अशी कीं, ज्याचें गाणें प्रथम मन लावून ऐकलें, तो गृहस्थ आपल्या सह्याद्रीवर शिकलेला निघाला. 1946 सालीं झांझिबार बेटांत जन्मलेला पारशी मुलगा फारोख बलसारा यास आईबापांनीं पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत धाडलें होतें. तेथें त्यानें सोबत्यांसह ‘हेक्टिक्स’ नांवाचें वाद्यपथक काढलें. इंग्लंडांत पुढें तोच ‘क्वीन’ मंडळीचा फ्रेडी मर्क्युरी झाला, व 1991 सालीं एड्सच्या दुखण्यानें निवर्तला.

त्याचें 1975 सालचें ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हें गाणें सुमारें सहा मिनिटांचें आहे. एक तरुण आपल्या आईस सांगतो कीं, माझ्या हातून मनुष्यहत्या झाली. मग जणूं न्यायसभा भरते. एक पक्ष याला सोडा म्हणतो, दुसरा सोडणार नाहीं म्हणतो. मुसलमानांची बिस्मिल्ला आणि बायबलांतील भुतांच्या अधिपतीचें नांव एकाच प्रसंगीं येतात. तीन कंठांचे आवाज एकावर एक इतके चढविले आहेत कीं मोठा गायकवृंद गात आहे असें वाटावें. शेवटीं वादळ ओसरतें, परंतु क्षमेचा शब्द कोणीच उच्चारीत नाहीं. कर्त्यानें त्याचा अर्थ कधीं उलगडून सांगितला नाहीं. आम्ही तरी तो कशास सांगावा? मात्र इतकीं वर्षें पापनिवेदन ऐकण्यास बसलेल्या मनुष्यास तो आवाज ओळखीचा वाटला. सैतानाचें नांव आलें म्हणून गाणें सैतानाचें होत असेल, तर शुभवर्तमान वाचणेंही कठीण होईल.

याचा अर्थ सर्वच गाणीं अशीं आहेत, असा नव्हे. कित्येकांत स्त्रीस वस्तु मानलें आहे, कित्येकांत मद्य व मादक पदार्थ यांची स्तुति आहे, आणि पुष्कळांत सांगण्यासारखें कांहींच नाहीं. हळदीच्या रात्रीं आपल्याकडे वाजणारीं नवीं गाणीं याहून शुद्ध आहेत, असें म्हणण्याचें धैर्य मात्र आम्हांस होत नाहीं. आपल्या मुलांस आम्हीं शब्द विचारले, तर कोणासच पुरते ठाऊक नव्हते. “फादर, आम्ही ठेक्यासाठीं ऐकतों,” असें उत्तर मिळालें.

तर त्या नादाकडे वळूं. विजेच्या गिटारीस पोकळ पेटीची गरज नसते. पोलादी तारांखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. तार कांपली कीं वेटोळ्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो व ॲम्प्लिफायर तो वाढवितो. ॲम्प्लिफायरवर पेलण्याहून अधिक भार टाकला म्हणजे लहरींचे माथे छाटले जातात, मूळ स्वरांत नव्या उपस्वरांची भर पडते आणि आवाज दाट व खरखरीत होतो. पूर्वीं हा दोष समजत. रॉकवाल्यांनीं त्याचा अलंकार केला. त्या खरखरींत अधिक स्वरांचा मेळ गढूळ होतो, म्हणून ते बहुधा षड्ज व पंचम हे दोनच स्वर एकत्र छेडतात. आपल्या तंबोऱ्यांतही बहुधा तेच दोन असतात!

आम्हांस खरी भीति वाटते ती आवाजाच्या चढेपणाची. 85 डेसिबलचा आवाज आठ तास सोसावा, व पुढें दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी व्हावी, असा एक मान्य हिशेब आहे. त्या मानानें 100 डेसिबलला पाव तासच उरतो. कानांतील सूक्ष्म केशपेशी एकदां मेल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. बोटीच्या इंजिनापाशीं आयुष्य घालविलेले आपले वडील कानामागें हात धरून ऐकतात, तें आपण रोज पाहतोंच.

वडीलधाऱ्यांचें म्हणणें निराधार नाहीं. पोप दहावे पायस यांनीं 22 नोव्हेंबर 1903 च्या आज्ञापत्रांत देवळांतून ढोल, झांजा इत्यादि गलबल्याचीं वाद्यें मना केलीं. पियानोही मना केला, हें मात्र आपण विसरतों. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें 4 डिसेंबर 1963 रोजीं ऑर्गनचा मान राखून, उपासनेस साजतील अशा इतर वाद्यांसही वाट दिली. 27 सप्टेंबर 1997 रोजीं इटलींत बोलोन्या येथें बॉब डिलन पोप दुसरे जॉन पॉल यांच्यापुढें गायला, आणि पोपमहाशयांनीं त्याच्याच एका गाण्यांतील प्रश्न धरून तरुणांस उपदेश केला. कार्डिनल रात्झिंगर, जे पुढें सोळावे बेनेडिक्ट झाले, ते या बेताविषयीं साशंक होते. तेथें दोन मतें पडलीं, तर मुरुडांत पडलीं म्हणून लाजण्याचें कारण नाहीं.

परकेपणाचा आक्षेप मात्र आम्हांस पटत नाहीं. आपली बाजाची पेटी तरी कोठली? 1842 सालीं फ्रान्सांत तिचें पेटंट झालें, आणि आकाशवाणीनें 1940 पासून 1971 पर्यंत तिला मज्जाव केला होता. शेजारच्या कोर्लईंत तर, 1740 सालीं पोर्तुगीज अंमल गेला तरी, त्यांच्या भाषेपासून झालेली बोली अद्याप घरांतून बोलली जाते.

निकाल असा. मिस्सेंत गिटार वाजवावी, परंतु वीज न जोडतां. ड्रम मिस्सेंत नको; तो पाप आहे म्हणून नव्हे, तर आपलें देऊळ लहान, वर पत्रे. परवांच्या तालमींत मागच्या बांकावरील आजीबाईंस प्रार्थनेचा एक शब्द कळला नाहीं. सायंकाळीं पटांगणावर तो खुशाल वाजवावा, रात्रीं दहापर्यंत. त्यापुढें कायदाच आड येतो. गाणीं मंडळानेंच निवडावीं. मात्र त्यांचे शब्द मराठी अर्थासह कागदावर उतरवून गुरुवारीं जपमाळेनंतर आमच्याकडे आणावे. आम्ही तीं गाणीं ऐकूं, आणि सुलटीच ऐकूं.

त्या तीन कॅसेटी अजून आमच्या कपाटांत आहेत. त्यांचा धनी आखातांत नोकरीस असतो, असें कळतें. नाताळांत तो घरीं येणार आहे, तेव्हां त्या घेऊन आम्ही त्याच्याकडे जाणार आहों.