सवाल आणि उदाहरण

(विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय आहे ‘वर्गातले उपक्रम आणि विद्यार्थी’. अशा कार्यक्रमांत शिक्षणावर मोठी माणसं बोलतात आणि विद्यार्थी स्वागतगीत म्हणतात. आज मला माइक दिलात, त्याबद्दल आयोजकांचे आभार. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय गणित. दहावीपर्यंत मालेगावात उर्दू माध्यमात शिकले. अब्बा पॉवरलूमवर बारा तासांची पाळी करतात. तेव्हा मी बोलेन ते वर्गातल्या बाकावरून बोलेन. शिक्षणशास्त्र माझा विषय नाही.

‘उपक्रम’ म्हटलं की आमच्या शाळेत कार्डशीट, थर्माकोल आणि चमकी यायची. अधिकारी येणार असले की चमकी जास्त. तक्ते भिंतीवर लागायचे, फोटो निघायचे आणि दुसऱ्या दिवसापासून फळ्यावरचं वहीत उतरवणं पुन्हा सुरू. खरं तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की मुलांनी कृतीतून, शोधातून शिकावं आणि त्यांच्या मनात भीती नसावी. कायदा माझ्या शाळेला लागू होता. फक्त ते कलम वर्गापर्यंत पोचताना त्याचा तक्ता झाला होता.

एक गोष्ट मला कॉलेजात मराठी मैत्रिणींमुळे लक्षात आली. मराठीत म्हणतात ‘उदाहरण सोडवा’. आमच्या उर्दूत म्हणतात ‘सवाल हल करो’. उदाहरण म्हणजे नमुना: एक सोडवून दाखवायचं, त्याच्यासारखी वीस करायची. सवाल म्हणजे प्रश्न. पण गंमत पुढे आहे. ‘हल’ हा मूळ अरबी शब्द, त्याचा एक अर्थ गाठ सोडवणं. आणि मराठीतलं ‘सोडवणं’ही गाठीचंच. दोन्ही भाषांना ठाऊक आहे की गणित म्हणजे गुंता आहे आणि तो बोटांनी सोडवायचा आहे. वर्गात मात्र आम्हाला दोरा आधीच सरळ करून मिळायचा.

याला अपवाद आठवीतल्या आमच्या गणिताच्या आपा. एका दिवशी त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. फळ्यावर लिहिलं: कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या. मोठ्या संख्येतून लहान वजा करा. येईल त्या उत्तराचं पुन्हा तेच करा. थांबावंसं वाटेल तेव्हा थांबा.

माझ्या शेजारणीने ३०८७ घेतली. ८७३० वजा ०३७८, उत्तर ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. मग ७६४१ वजा १४६७, उत्तर पुन्हा ६१७४. ती थांबली. मागच्या बाकावरचीने ९८३१ घेतली होती, तिला सात वेळा वजाबाकी करावी लागली, पण पोचली तिथंच, ६१७४वर. पाच मिनिटांत वर्गभर एकच आकडा ओरडला जात होता. फक्त एक मुलगी म्हणाली, माझं शून्य आलं. तिने २१११ घेतली होती. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९, आणि तीन नवांचं उलटसुलट करून वजा केलं की शून्य. कुणी म्हणालं, तू चुकलीस. ती म्हणाली, वजाबाकी तपासा. वजाबाकी बरोबर होती. मग वाद पेटला. ९९९ला चार अंकी म्हणायचं का? पुढे शून्य लिहायचं का? ‘पुढच्या शून्याला किंमत नसते’ असं तिसरीपासून शिकवलं, मग आज त्याला किंमत कुठून आली? तो वाद वीस मिनिटं चालला आणि आपा मधे पडल्या नाहीत. शेवटी ठरलं की नियम चार घरांचा आहे, घर रिकामं ठेवता येत नाही, म्हणून ०९९९. तिथून ती मुलगीही ८९९१, ८०८२, ८५३२ करत ६१७४ला आली.

मग कुणीतरी विचारलं, असं का होतं? आपा म्हणाल्या, “मुझे भी नहीं मालूम. कल देखते हैं.” शिक्षकाने ‘मला माहीत नाही’ म्हटलेलं आम्ही पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवशी वर्गातल्या निम्म्या मुलींची भीती गेली, असं माझं मत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्या रांगेत आता आपाही होत्या.

पुढचे तीन तास त्यात गेले. चार अंकी संख्या ९,०००. चारही अंक सारखे असणाऱ्या नऊ वगळल्या तर ८,९९१. एवढ्या कोण तपासणार? मग एका मुलीच्या लक्षात आलं की ५३८२ आणि ८२३५ यांचं उत्तर एकच, कारण अंक तेच. दुसरीने दाखवलं की याहून कमी बघावं लागतं: सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान अंकातला फरक घ्या, त्याला ९९९ने गुणा, मधल्या दोन अंकांतला फरक घ्या, त्याला ९०ने गुणा, बेरीज करा, तेच वजाबाकीचं उत्तर. म्हणजे संख्या विसरा, दोन फरक पुरे. पहिला फरक १ ते ९, दुसरा शून्यापासून पहिल्याइतका. मोजले तर जोड्या भरतात ५४. आठ हजार नऊशे एक्क्याण्णवचे चोपन्न झाले! बाकांमध्ये वाटून घेतले, प्रत्येक बाकाने आपल्या वाट्याच्या जोड्या शेवटपर्यंत नेल्या. सगळ्या ६१७४ला आल्या. आठवीच्या मुलींनी ते सिद्ध केलं होतं, आणि त्याला सिद्ध करणं म्हणतात हे मला बी.एस्सी.ला आल्यावर कळलं.

चौथ्या दिवशी आपांनी सांगितलं की ही संख्या द. रा. कापरेकरांची. आमच्याच नाशिक जिल्ह्यात, देवळालीला शाळामास्तर होते. पदवी बी.एस्सी., नोकरी १९६२पर्यंत शिक्षकाची. त्यांना हा आकडा १९४९मध्ये सापडला. जगात नाव झालं ते १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिल्यावर. आपल्या सभांमध्ये फातिमाबींचं नाव घेतल्याशिवाय शिक्षणाचं भाषण पुरं होत नाही. मी आज कापरेकर मास्तरांचं घेते.

दुसरं एक नाव सभांमध्ये हमखास येतं, अल ख्वारिज्मी. ‘अल्जेब्रा हमने दिया’ म्हटलं की टाळ्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांचं एक तरी गणित करून पाहिलं आहे? नवव्या शतकातला हा माणूस चिन्हं न वापरता, शब्दांत लिहितो: एक वर्ग आणि त्याची दहा मुळं मिळून एकोणचाळीस. दहावीत पूर्ण वर्ग पद्धत आली तेव्हा आम्ही हे लग्नपत्रिका कापून केलं. घरात पत्रिका ढिगाने असतात. एक चौरस, त्याच्या दोन बाजूंना पाच रुंदीच्या दोन पट्ट्या. कोपऱ्यात पाच बाय पाचची जागा रिकामी दिसते. ती भरा: ३९ अधिक २५, ६४. मोठ्या चौरसाची बाजू आठ, त्यातून पाच गेले, तीन राहिले. सूत्र पाठ करावं लागलं नाही. अभिमान जरूर बाळगा, पण घरातली मुलगी पत्रिका कापायला बसली तर तिला ‘पसारा आवर, रोट्या कर’ म्हणू नका.

गटकार्याबद्दल थोडं कडू बोलते. अकरावीला इंग्रजीतून विज्ञान घेतलं. मुसल्लसचा ट्रँगल झाला, ज़ावियाचा अँगल. मैत्रिणींसाठी त्रिकोण आणि कोन. मी वहीत तीन रकाने केले आणि पाहिलं की मुसल्लसमध्येही तीन लपलेले आहेत, त्रिकोणातही, ट्रँगलमध्येही. त्या कॉलेजात प्रकल्पासाठी गट पाडले तेव्हा आम्हा पाच जणींना एकत्र शेवटच्या बाकावर बसवलं, ‘तुमची भाषा एक आहे, सोपं जाईल’ म्हणून. हेतू वाईट नसेल. पण वर्षभर आम्ही एकमेकींशीच बोललो आणि बाकीचा वर्ग आमच्याशी बोलायला शिकला नाही. मिसळून बसवणं हाही उपक्रम आहे, आणि त्याला चमकी लागत नाही. आठवीत आपांचा नियम होता: गटात जी अडकली आहे तिने आधी बोलायचं, हुशार मुलीने शेवटी. हुशार मुलींना याचा फार राग यायचा.

घरी याचं काय झालं ते सांगते. अब्बांचा आठवड्याचा हिशेब मीटरवर असतो. डागी कपड्याची कपात होते, ती मान्य. नववीत असताना मी चिठ्ठी बघून विचारलं, डागी मीटर आधीच एकूणातून वजा केले आहेत, मग खाली पैशातून पुन्हा का कापले? अब्बा गप्प बसले. अम्मी म्हणाली, जास्त सवाल करू नकोस, काम जाईल. पुढच्या आठवड्यात अब्बांनी ती चिठ्ठी खिशात नेली आणि शेठना दाखवली. एक कपात बंद झाली. काम गेलं नाही, पण जाऊ शकलं असतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणून ‘मुलांना प्रश्न विचारू द्या’ हे वाक्य मंचावरून सहज म्हटलं जातं तेव्हा मला अम्मीचा चेहरा आठवतो.

सध्या शुक्रवारी, लूमची सुट्टी असते तेव्हा, आम्ही दोघी मैत्रिणी मोहल्ल्यातल्या मुलींना एका घराच्या ओट्यावर जमवतो. बारा-तेरा येतात. शिकवणी नाही, एकच सवाल घेतो आणि उत्तर सांगत नाही. काही आयांची तक्रार आहे की पोरी वही कोरी घेऊन येतात. मदत करायची असेल तर आम्हाला खाऊ नको, एक मोठा फळा हवा आहे. सध्याचा सवाल मुलींनीच काढला आहे: पाच अंक घेतले तर काय होतं? चार आठवडे झाले. एकच आकडा काही सापडत नाही. दोघी जणी ५३९५५ आणि ५९९९४ यांच्यात अडकल्या आहेत, एकातून दुसरा येतो आणि दुसऱ्यातून पहिला. बाकीच्यांच्या फेऱ्या याहून लांब आहेत. त्या म्हणतात, अजून सांगू नका.