भरलेले पोट आणि फिकट चेहरा

(गुहागर तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांसाठी व्याख्यान)



बहुतेक शाळांच्या पाचवी-सहावीच्या वर्गात अशी एखादी मुलगी असते. सकाळी ती हजेरीला उत्तर देते. परंतु दुसऱ्या तासानंतर तिचे डोके हळूहळू दप्तरावर टेकते. पाखाडी चढून शाळेत येताना ती दोनदा थांबते. कवायतीत ती मागे पडते. आज पाठ केलेला पाढा तिला उद्या आठवत नाही. क्वचित ती खडूचा किंवा पाटीवरच्या पेन्सिलीचा तुकडा तोंडात टाकताना आढळते. वर्षअखेरीस तिच्या प्रगतिपत्रकावर शेरा पडतो : 'अभ्यासात लक्ष नाही.' शेरा लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. परंतु तो शेरा पुष्कळदा अन्यायाचा असतो. लक्ष देण्यासाठी जे बळ लागते, तेच त्या मुलीच्या रक्तात उरलेले नसते.

रक्तक्षय म्हणजे काय?

रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते. फुप्फुसांतील प्राणवायू मेंदूपर्यंत व स्नायूंपर्यंत वाहून नेणे हे त्याचे काम. ते घडविण्यास लोह लागते. आणि तांबड्या पेशी नीट तयार होण्यास फॉलिक आम्ल व ब-१२ ही जीवनसत्त्वे लागतात. यांपैकी काही कमी पडले, की रक्तक्षय होतो. जुने लोक यालाच पंडुरोग म्हणत. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत दर शंभर मिलिलिटर रक्तामागे ११.५ ग्रॅमपेक्षा, आणि बारा ते चौदा वर्षांच्या मुलांत १२ ग्रॅमपेक्षा हिमोग्लोबिन कमी असेल, तर तो रक्तक्षय समजावा.

हा विकार विरळा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के आणि मुलांपैकी सुमारे ३१ टक्के रक्तक्षयी आढळले. महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत हे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. म्हणजे पहिलीच्या वर्गात येणारी कित्येक बालके ही उणीव बरोबर घेऊनच येतात.

मुलींत प्रमाण अधिक का, याचा विचार शिक्षकांनी अवश्य करावा. किशोरवयात शरीर झपाट्याने वाढते व लोहाची गरजही वाढते. त्यातच मुलींना मासिक पाळी सुरू होऊन दरमहा रक्त जाते. आणि ज्या घरात मुली व बाया शेवटी जेवावयास बसतात, तेथे भाजी-आमटीचे तळ त्यांच्या वाट्यास येते. गरज सर्वांत जास्त, वाटा सर्वांत कमी. असा हा उलटा हिशेब आहे.

पोट भरते, रक्त भरत नाही

'आमच्या गावात उपाशी कोणी नाही,' असे पालक सांगतात, आणि ते बहुधा खरेच असते. परंतु पोट भरणे व रक्त भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनुसार शंभर ग्रॅम सडलेल्या पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमही लोह नसते. तेवढ्याच नाचणीत ते सुमारे साडेचार मिलिग्रॅम, आणि कुळथात आठ मिलिग्रॅमांहून अधिक असते. दुपारी भात, रात्री भात आणि सकाळी चहाबरोबर बटर किंवा बिस्किटे, असा क्रम जेथे पडला आहे, तेथे भूक भागते पण लोहाची गरज भागत नाही. उपासाच्या साबुदाण्याचीही गोष्ट हीच. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे.

अन्नात लोह असले तरी ते सगळेच अंगी लागत नाही. धान्य, कडधान्ये व पालेभाज्या यांतील लोहाचा थोडाच अंश आतड्यात शोषला जातो. जेवताना किंवा जेवल्यावर लगेच चहा घेतल्यास तो अंश आणखी घटतो. उलट लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व बरोबर असेल, तर तो वाढतो. मासळी व मांस यांतील लोह अधिक सहज शोषले जाते, आणि बरोबरच्या भाकरी-भाजीतील लोहही ती अंगी लावतात.

काही समजुतीही दूर करावयास हव्यात. बिटाचा लाल रंग आणि रक्ताचा लाल रंग यांचा परस्परांशी संबंध नाही. दूध उत्तम अन्न होय, परंतु त्यात लोह अगदी कमी असते. आमसुलाचे सार रुचकर खरे. पण वाळविण्यात व शिजविण्यात क जीवनसत्त्व बरेच नष्ट होते, म्हणून ताज्या लिंबाची जागा ते घेऊ शकत नाही.

आहाराखेरीज आणखी एक चोर आहे, तो म्हणजे अंकुशकृमी. उघड्यावर शौचास बसल्याने माती दूषित होते, आणि कोकणच्या ओल्या, सावलीच्या मातीत त्याच्या अळ्या जगतात. त्या अनवाणी पायांच्या कातडीतून शरीरात शिरतात. पुढे हे कृमी आतड्यास चिकटून रक्त शोषतात. अशा मुलाला कितीही चांगले खाऊ घातले, तरी एकीकडे भरावे व दुसरीकडे गळावे असे होते.

मुंबईतील एक शोध

आहार आणि रक्तक्षय यांचा संबंध उलगडण्याच्या कामी महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. १९२८ साली लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईस आल्या. ज्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील हजारो माणसे पोटासाठी जात, त्या मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामकरी स्त्रियांना गरोदरपणी भयंकर रक्तक्षय होत असे. रोगाचे मूळ जंतूंत आहे की अन्नात, याचा शोध विल्सबाईंनी परळच्या हाफकिन संस्थेत राहून घेतला. त्यांनी या स्त्रियांचे जेवण पाहिले. भाज्या, फळे, दूध यांचा त्यात दुष्काळ होता. तसलाच निकस आहार दिल्यावर माकडांनाही रक्तक्षय झाला. आणि स्वस्त अशा यीस्टच्या अर्काने तो बरा झाला. स्त्रियांनाही तोच गुण आला. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे ओळखले गेले. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले, आणि पानावरूनच त्याचे फॉलिक आम्ल असे नाव पडले. आज शाळेत दर आठवड्याला मिळणाऱ्या गोळीत लोहाबरोबर हेच द्रव्य असते. रोगाचे मूळ ताटात शोधण्याची ही दृष्टी शिक्षकांनीही अंगीकारावी.

गुहागरच्या परसातील उपाय

सुदैवाने उपाय दूर नाही. वरकस जमिनीवरची नाचणी अनेक घरांतून मागे पडली आहे. तिची भाकरी व आंबील पुन्हा मुलांच्या ताटात यावी. नाचणीस मोड आणल्याने किंवा पीठ आंबवल्याने तिच्यातील लोह अधिक शोषले जाते. भातानंतर शेतात येणारे कुळीथ पिठल्याच्या रूपाने घराघरांत आहेतच. मुलांसाठी त्यांना मोड आणून उसळ करावी आणि वर लिंबू पिळावे. पावसाळ्यातील टाकळा, परसातील शेवग्याचा पाला व माठ या भाज्या बाजारातून आणाव्या लागत नाहीत. पालेभाजी फार वेळ शिजवू नये, व तिचे पाणी फेकू नये. फॉलिक आम्ल त्यातून निघून जाते. जी घरे मासळी खातात, त्यांनी बांगडा, तारली व सुकट मुलींनाही पुरेशी वाढावी. शाकाहारी घरांत ब-१२ साठी दूध-दही असावे. भाजी लोखंडी कढईत केल्यास थोडे लोह तेथूनही मिळते. आणि मुलांचा जेवणालगतचा चहा बंद करावा.

शाळेने करावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे पाहणे. डोळ्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू, जीभ व नखे फिकी दिसणे, चटकन धाप लागणे, माती-खडू खाणे ही लक्षणे दिसली, तर पालकांना खाजगी बोलावून मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ततपासणीस पाठवावे. सर्वच रक्तक्षय आहाराने होत नाही. कारण ठरविणे हे डॉक्टरांचे काम. वर्गात सर्वांदेखत 'हिच्या अंगात रक्त नाही' असे मात्र कधीही म्हणू नये.

दुसरी गोष्ट साप्ताहिक गोळीची. पहिली ते पाचवीस गुलाबी गोळी, तीत ४५ मिलिग्रॅम लोह. सहावीपासून पुढे निळी, तीत ६० मिलिग्रॅम. ती रिकाम्या पोटी न देता जेवणानंतर, शिक्षकांच्या समक्ष गिळवावी. शौचास काळे होते, यात भिण्यासारखे काही नाही, हे आधीच सांगून ठेवावे. आजारी मुलास त्या दिवशी देऊ नये. गोळ्या लहान भावंडांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. जास्त गोळ्या पोटात गेल्यास विषबाधा होते. फेब्रुवारी व ऑगस्टमधील जंतनाशक गोळी कोणाचीही चुकू नये.

तिसरी गोष्ट पोषण आहाराची. प्रत्येक मुलामागे दररोज पाचवीपर्यंत २० ग्रॅम डाळ-कडधान्य व ५० ग्रॅम भाजी, आणि त्यापुढे ३० ग्रॅम व ७५ ग्रॅम, असे प्रमाण ठरलेले आहे. ते कागदावर न राहता ताटात उतरते की नाही, हे शिक्षकाने स्वतः पाहावे. शाळेच्या परसबागेत एक शेवगा, एक लिंबू व माठाचा एक वाफा असला, तरी तो विज्ञानाचा धडाही होईल आणि आमटीत पालाही पडेल. माता-पालकांच्या सभेत एकच विनंती करावी : मुलीचे ताट मुलाच्या ताटाबरोबरच वाढा.

हे काम जादा वाटेल. परंतु डॉक्टरांना मूल वर्षातून एखाददा दिसते; शिक्षकास ते रोज दिसते. म्हणून 'अभ्यासात लक्ष नाही' हा शेरा लिहिण्यापूर्वी शिक्षकाने क्षणभर लेखणी थांबवावी आणि त्या मुलीच्या पापणीखाली पाहावे. तेथे लाली नसेल, तर लक्ष देण्याची पाळी आधी शिक्षकाची आहे.