सिमेंट वाळत नाही, तापते

स्लॅब टाकल्यावर दुसऱ्या दिवशी घरमालक म्हणतात, "चला, सिमेंट वाळलं!" हे वाक्य मी बांधकामांवर नेहमी ऐकतो. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि तीत उष्णता बाहेर पडते. साध्या सिमेंटच्या एका किलोतून पहिल्या सात दिवसांत सुमारे 300 किलोज्यूल उष्णता निघते. 28 अंशांचे एक लिटर पाणी तिने उकळीला येईल.

एक अंश तापायला पाण्याला तेवढ्याच वजनाच्या सिमेंटपेक्षा पाचपटीहून अधिक उष्णता लागते. मोकळे पाणी सिमेंटशी बांधले गेले, की मिश्रणाची उष्णता सामावण्याची ताकदही घटते.

पाच इंची स्लॅबमधली उष्णता लवकर निघून जाते. जाड पायव्यात मात्र ती अडकते. गाभा गरम राहतो आणि बाहेरची बाजू निवून आकसते. दहा मीटर काँक्रीट 20 अंशांनी निवले, तर सुमारे दोन मिलिमीटर आखडते. कोवळ्या काँक्रीटला हा ताण सोसत नाही, ते तडकते. म्हणूनच 1930 च्या दशकात अमेरिकेतील हूवर धरणाच्या काँक्रीटमध्ये नळ्या पुरून थंड पाणी खेळवले गेले. आपल्या घाटघर धरणात सिमेंटचा मोठा हिस्सा कमी करून औष्णिक वीज केंद्रातली राख वापरली. राखेमुळे सुरुवातीची उष्णता कमी होते.

अशी राख नागपूरजवळ कोराडी आणि खापरखेड्यालाही निघते. ती मिसळलेले सिमेंट घरासाठी चांगलेच. पण ते सावकाश बळ धरते, म्हणून पाणी जास्त दिवस मारावे लागते.

मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांवर जातो. गिट्टी, रेती आणि सळया आधीच तापलेल्या असतात. त्यामुळे क्रिया घाईने होते आणि वरचे पाणी उडून जाते. तेव्हा स्लॅब पहाटे किंवा संध्याकाळी टाका. गिट्टी सावलीत ठेवून तिच्यावर पाणी शिंपडा. काँक्रीट आवळले, की ओले गोणपाट अंथरा, नंतर बांध घालून पाणी साठवा. भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर एकदम गार पाणी ओतू नका. 2000 सालच्या आयएस 456 मानकाप्रमाणे उष्ण, कोरड्या हवेत किमान दहा दिवस ओलावा टिकवायला हवा.

आयुष्यभराची पुंजी घालून बांधलेल्या छताला एवढे दहा दिवस द्याच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)